सिरॅमिक कोटिंग, फिल्म आणि दोन बादल्या : फोंड्यात नव्या गाडीचा रंग जपताना

आमच्या गाडीच्या रंगावर पहिले ओरखडे उठले ते तिच्या पूजेच्या दिवशी. २४ ऑक्टोबर २०२३ रोजी, दसऱ्याला, गर्द निळ्या रंगाची नवी गाडी ताब्यात घेऊन आम्ही थेट कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळाकडे गेलो. बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढले, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ वाढवला. घरी पोचेपर्यंत कुंकू उन्हात वाळून खडखडीत झाले होते. बाबा म्हणाले, "अगं, ते पुसून घे, नाहीतर डाग धरेल." हाताशी होते ते कोरडे सुती फडके घेऊन मी स्वस्तिक पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच जागी, तळहाताएवढ्या भागात, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे चमकताना दिसले. कुंकवाची जी फिकट झाक मागे राहिली होती ती पुढे काही दिवसांत उन्हाने उडाली. ओरखडे मात्र राहिले.

त्या ओरखड्यांमुळेच मी या विषयाच्या खोलात गेले. वेर्णा येथील एका औषध कारखान्यात मी गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते, त्यामुळे मोजल्याशिवाय विश्वास न ठेवण्याची सवय अंगवळणी पडली आहे. रोज फोंड्याहून बोरीच्या पुलावरून लोटलीमार्गे वेर्ण्याला जाणे-येणे असते, गाडी दिवसभर उघड्या वाहनतळावर उन्हापावसात उभी असते आणि घरी शेजाऱ्यांच्या फणसाच्या व जांभळाच्या फांद्या आमच्या गाडीच्या जागेवर येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये फोंड्यातील एका कार्यशाळेत मी गाडीला सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर द्यायचा सिलिका-आधारित पातळ लेप, करून घेतले आणि काही भागांवर संरक्षक फिल्म, म्हणजे ज्याला सगळे पीपीएफ म्हणतात ती, बसवून घेतली. त्यानंतर दोन पूर्ण पावसाळे गेले. ते कोटिंग, ती फिल्म आणि घरी गाडी धुण्यासाठी घेतलेले साहित्य, या तिन्हींचे हे परीक्षण आहे. कार्यशाळेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला सांगायचे आहे ते या सेवेच्या गुणदोषांविषयी, आणि ते बहुतेक ठिकाणी सारखेच आढळतील.

आधी रंगाविषयी, कारण ते कळल्याशिवाय पुढच्या कुठल्याही खर्चाचा हिशेब लागत नाही. कारखान्यात गाडीचा सांगाडा प्रथम एका मोठ्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने त्यावर गंजरोधक थर चढवतात, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे पत्र्यावरचा सगळा डोलारा दोन केसांच्या जाडीतच उभा आहे. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपल्याला दिसणारी चकाकी त्याची, उन्हातील अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये त्यात, आणि ओरखडे उठतात तेही त्यातच. पॉलिश करणे म्हणजे ओरखडा भरणे नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालचा क्लिअर कोट घासून खाली आणणे म्हणजे पॉलिश. एकदा घासलेला थर परत येत नाही. म्हणून गाडीच्या आयुष्यात पॉलिश किती वेळा करावे लागेल, हा मला खरा प्रश्न वाटतो, आणि त्याचे उत्तर कोटिंगपेक्षा गाडी धुणाऱ्या हातावर अधिक अवलंबून असते.

ओरखडे बॉनेटवरच्या त्या एका जागेपुरतेच नव्हते. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली पाहिले तेव्हा दारांवर, टपावर, डिकीवर सगळीकडे तीच जाळी होती. दिव्याभोवती ती वर्तुळाकार दिसते, परंतु ओरखडे खरे तर सर्व दिशांना असतात. प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवतील अशा कोनात असलेले तेवढे दिसतात, म्हणून दिव्याभोवती कडे भासते. नवी गाडी विक्रेत्याच्या आवारात अनेक दिवस उभी असते, तिच्यावर लाल धूळ बसते, आणि ग्राहकाला देण्याच्या सकाळी ती घाईघाईने झटकणीने झटकून, सगळ्या गाड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एकाच फडक्याने पुसली जाते. आमच्या गाडीचेही तसेच झाले होते. कोणी नवी गाडी घेणार असेल तर माझा पहिला आग्रह हा की, विक्रेत्याला आधीच लेखी सांगावे : गाडी धुऊ नका, पुसू नका, वरचे प्लास्टिक काढू नका, आहे तशी धुळीसकट द्या. याला पैसा लागत नाही. त्याच विक्रेत्याने ९,५०० रुपयांचे 'पेंट प्रोटेक्शन' सुचवले होते. त्यात नेमके कोणते द्रव्य आहे, ते किती टिकते आणि लावण्याआधी रंगाची काय तयारी करतात, या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, म्हणून मी नकार दिला. तो निर्णय बरोबर होता असे आजही वाटते. ओरखडे तसेच ठेवून त्यांवर कोणतेही चकचकीत द्रव्य फासणे म्हणजे ते झाकणे आहे, आणि दोन-चार धुण्यांत ते पुन्हा उघडे पडतात.

फोंड्याच्या कार्यशाळेत गाडी शुक्रवारी दिली आणि सोमवारी परत घेतली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम थांबून सगळे पाहिले. मालकांनी सर्वप्रथम रंगाची जाडी मोजून कागदावर लिहिली : बॉनेट ११८ मायक्रॉन, टप १०९, दारे ११२ ते १२१. एखाद्या दारावर अचानक २०० च्या वर आकडा आला असता तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे असा संशय घ्यावा लागला असता. नव्या गाडीतही वाहतुकीत ठोकर लागून असे घडू शकते. बंपरचे माप मिळाले नाही, कारण ही साधी यंत्रे धातूवरच चालतात आणि बंपर प्लास्टिकचा असतो. त्यानंतर गाडी फेसाने धुऊन तिच्यावर लोहकण विरघळवणारे द्रव्य फवारले, तेव्हा पांढरा दिसणारा फवारा दारांच्या खालच्या बाजूला जांभळा होऊन ओघळू लागला. नवी गाडीसुद्धा पूर्ण स्वच्छ नसते. रेल्वेने आलेल्या गाड्यांवर रुळांवरून उडालेले आणि ब्रेकमधून झिजलेले लोखंडाचे सूक्ष्म कण बसतात, तापून रुततात आणि तिथेच गंजू लागतात. आपल्या लाल मातीचा आणि या जांभळ्या रंगाचा संबंध अनेकजण जोडतात, पण तो फारसा खरा नाही. जांभ्याच्या धुळीतले लोह आधीच गंजलेल्या, म्हणजे ऑक्साइडच्या रूपात असते आणि या द्रव्याला ते सहजी दाद देत नाही. ती माती पाण्यानेच काढायची असते. त्यापुढे चिकणमातीसारख्या मऊ वडीने, भरपूर साबणपाणी ठेवून, पृष्ठभाग गुळगुळीत केला, मग यंत्राने एकदाच हलके पॉलिश केले. बॉनेटचे नंतरचे माप ११६ आले. यंत्राचाच दोन-तीन मायक्रॉनचा फरक धरला तर या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही, परंतु फार घासलेले नाही एवढा दिलासा मिळाला.

कोटिंग लावण्याच्या खोलीत आर्द्रतामापक होता आणि त्या दिवशी तो ५८ टक्के दाखवत होता. ही बारीक गोष्ट मी आवर्जून नोंदवते, कारण गोव्यात तिचे महत्त्व मोठे आहे. ही सिलिका-आधारित द्रव्ये हवेतील बाष्पाशी संयोग पावून घट्ट होतात. हवा फार दमट असेल तर ती अपेक्षेपेक्षा लवकर आळतात, आणि कापडाने समतल करण्याआधीच आळली तर तिथे तेलकट इंद्रधनुषी डाग कायमचा बसतो. मालकांनी स्वतःहून सांगितले की जून-जुलैत ते हे काम घेण्याचे टाळतात. हातातले गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या माणसाविषयी माझे मत तिथेच चांगले झाले. तरीही आमच्या मागच्या डाव्या दारावर तसा एक डाग राहून गेला होता आणि तो मला आठवड्याने दिसला. त्यांनी तेवढा पत्रा पुन्हा घासून, पुन्हा कोटिंग लावून, काही न आकारता दुरुस्त करून दिला. म्हणून गाडी परत घेताना ती छपराखाली पाहून समाधान मानू नये. उन्हात आणून प्रत्येक दार तिरपे न्याहाळावे आणि मगच पैसे द्यावेत.

आता त्या सुप्रसिद्ध '९एच'विषयी. प्रत्येक जाहिरातीत हा आकडा असतो आणि तो ऐकून गाडीवर काच चढवली आहे अशी समजूत होते. ९एच हे पेन्सिलीच्या कठीणपणाचे माप आहे. ठरलेल्या दाबाने व कोनात निरनिराळ्या पेन्सिली पृष्ठभागावरून ओढून कोणती पेन्सिल ओरखडा काढते ते पाहतात, आणि त्या मालिकेतील सर्वांत कठीण पेन्सिल ९एच. म्हणजे कोटिंगवर पेन्सिलीने ओरखडा येत नाही, इतकेच यातून कळते. आपल्या गाडीवर मात्र पेन्सिली पडत नाहीत. पडते ती माती आणि रेती, आणि रेतीतील क्वार्ट्झ खनिजांच्या मोहस मापात ७ इतके कठीण असते. वाळलेले कोटिंग स्वतः एक-दोन मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ असते. कोरड्या फडक्याखाली सापडलेला वाळूचा कण त्याला सहज भेदून क्लिअर कोटात उतरतो. तीन महिन्यांनी घरी आलेल्या पाहुण्यांनी प्रेमाने गाडीचा टप पुसून दिला तेव्हा हे मला पुन्हा एकदा पाहायला मिळाले. जो विक्रेता 'ओरखडे येणार नाहीत' असे सांगतो, त्याच्याकडून कोटिंग घेऊ नये.

मग कोटिंगने दिले काय? ते मिळाले जून २०२४ पासून. आपला पावसाळा काय असतो ते गोव्यात सांगायला नको. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्यात लोटलीच्या रस्त्यावर समोरच्या ट्रकच्या चाकांतून उडणारा तांबडा चिखल. आधीच्या पांढऱ्या गाडीच्या दारांखाली हा चिखल पावसाळाभर पिवळट झाक धरून बसायचा आणि दिवाळीत तो घासून काढावा लागायचा. कोटिंग केलेल्या गाडीवर तोच चिखल नळीच्या साध्या धारेने ओघळून जातो. फेस लावल्यावर हात फिरवण्याआधीच तीन-चतुर्थांश माती उतरलेली असते, आणि जी माती हात लावण्याआधी उतरते तिच्यामुळे ओरखडा उठत नाही. कोटिंगमुळे रंगाचा ओरखड्यांपासून बचाव होतो तो असा, आडवाटेने. धुण्याचा वेळही निम्म्यावर आला. पाण्याचे टपोरे थेंब नाचताना पाहून सुख वाटते हे खरे, परंतु पैसे मोजावेत ते या सहज उतरणाऱ्या मातीसाठी.

दोष दोन, आणि दोन्ही आपल्या हवेशी जोडलेले. पहिला पाण्याच्या डागांचा. कोटिंगवर पाणी पसरत नाही, त्याचे उंच गोल थेंब उभे राहतात, आणि उन्हात ते वाळले की त्यातील सगळे क्षार एका लहानशा कड्यात गोळा होतात. कोटिंग नसलेल्या गाडीवर पाणी पसरून वाळते, त्यामुळे डाग फिका असतो. कोटिंगवर तो ठसठशीत उमटतो. एप्रिल २०२४ मध्ये नळाला पाणी नव्हते म्हणून मी सोसायटीच्या बोअरवेलच्या पाण्याने गाडी धुतली आणि पुसायला दहा मिनिटे उशीर झाला. बॉनेटभर पांढरी कडी उमटली. प्रयोगशाळेतल्या मापकाने पाहिले तर बोअरवेलच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ३४० मिलिग्रॅम होते आणि ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात त्याच्या पाव हिस्साही नव्हते. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच शुद्ध पाणी मिसळून, सावलीत, थंड पत्र्यावर एक मिनिट ओले कापड ठेवल्यावर बहुतेक कडी निघाली. (आपल्याकडचे माडाच्या सुरेचे, म्हणजे माडीचे, व्हिनेगर यासाठी वापरू नये, त्यात रंग आणि इतर सेंद्रिय द्रव्ये असतात, ते स्वयंपाकघरातच बरे.) चार-पाच कडी मात्र कोटिंगमध्ये रुतून बसली, ती अजून आहेत.

दुसरा दोष पक्ष्यांच्या, आणि आमच्याकडे त्याहून अधिक वटवाघळांच्या विष्ठेचा. मे महिन्यात जांभळे पिकली की सकाळी टपावर जांभळे सडे पडलेले असतात. कोटिंगमुळे ही घाण रंगाला काही करत नाही, असे मला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात कोटिंग थोडा वेळ मिळवून देते, एवढेच. सकाळची घाण दुपारपूर्वी पाण्याने भिजवून काढली तर खूण राहत नाही. एकदा शनिवार-रविवार आम्ही बेळगावला गेलो आणि गाडी घरी उन्हात राहिली, तेव्हा दोन दिवसांत टपावर रुपयाएवढा निस्तेज, किंचित खोलगट डाग पडला. घाणीतील आम्ल हे एक कारण. शिवाय तापलेला क्लिअर कोट किंचित मऊ होऊन पसरतो, वर वाळणारी विष्ठा आकसत जाते, आणि थंड होताना पृष्ठभाग त्या आकारातच बसतो. तो डाग पॉलिश करूनच काढावा लागला, म्हणजे तेवढ्या भागातले कोटिंग गेले आणि थोडा क्लिअर कोटही. फणसाच्या चिकाचे मात्र उत्तर आपल्या घरात आहे. फणस कापताना हाताला लावतो तेच खोबरेल डागावर पाच मिनिटे ठेवावे. चीक सुटतो, मग शॅम्पूने तेल धुवावे. नखाने किंवा पेट्रोलने काढू नये.

फिल्मविषयी माझे मत कोटिंगपेक्षा बरेच अनुकूल आहे. ही पॉलियुरेथेनची १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहून जाड. अशा फिल्मचा उगम व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरांची पाती धूळ-रेतीपासून वाचवण्याच्या गरजेत आहे, आणि ते काम ती आजही करते : उडता खडा झेलणे. तिच्या वरच्या थरावरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपोआप मिटतात, हेही मी बंपरवर स्वतः पाहिले आहे. मी बंपर, आरसे, दारांच्या मुठींमागचे खळगे आणि डिकीची सामान चढवण्याची कड एवढ्यांवरच ती बसवली. बॉनेटवर बसवण्याचे १४,००० रुपये अधिक कर होत होते आणि कोटिंग आहेच, असा विचार करून मी ते टाळले. जानेवारी २०२५ मध्ये अनमोड घाटात एका ट्रकमागे असताना खडा उडाला. बंपरवर आदळलेल्या खड्यांच्या आज खुणाही दिसत नाहीत. बॉनेटवर आदळलेल्या एका खड्याने कोटिंग, क्लिअर कोट, रंग आणि प्रायमर भेदून पत्रा उघडा पाडला. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत उघडा पत्रा म्हणजे गंजाला आमंत्रण. त्याच संध्याकाळी ती जागा पुसून त्याच रंगाच्या टच-अप पेनने बुजवली, म्हणून निभावले. कोटिंगवर खर्चलेल्या २२,००० रुपयांतून बॉनेटची फिल्म सहज झाली असती. ज्यांच्याकडे दोन्हींसाठी पैसे नाहीत त्यांनी आधी बंपर आणि बॉनेटवर फिल्म घ्यावी, असे मी आज ठामपणे सांगेन.

वॉशिंग सेंटरवर मी या सव्वादोन वर्षांत एकदाच गेले, २०२४ च्या चवथीच्या आधल्या आठवड्यात, वेळ नव्हता म्हणून. तिथे चाकांच्या कमानी घासलेला ब्रश तसाच दारांवर फिरवला गेला आणि मी थांबवेपर्यंत एक बाजू झाली होती. उच्च दाबाची धार हातभर अंतरावरूनही नव्हे, अगदी टेकवून मारल्यामुळे डाव्या आरशावरच्या फिल्मचा कोपरा सुटला. अनेक ठिकाणी गाडीच्या तळाला चकाकीसाठी तेल किंवा डिझेल फवारतात. त्याला नम्रपणे नाही म्हणावे, कारण त्यावर धूळ चिकटते आणि सस्पेन्शनमधील रबरी भाग फुगतात. तळाला हवे असते ते साधे गोडे पाणी, आणि समुद्रकिनाऱ्यावरून किंवा खाडीच्या काठावरून आल्यावर ते जरूर मारावे. तिथल्या फेसाचा पीएच, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला सामू, मी पट्टीने पाहिला. तो ११ च्या आसपास होता. घरातल्या कपड्यांच्या पावडरीच्या द्रावणाचा १० भरतो. एकदा-दोनदा वापरल्याने रंग लगेच जात नाही, पण मेण उतरते, काळे प्लास्टिक पांढुरके पडते आणि खिडक्यांचे रबर कोरडे होते. माझ्या गाडीच्या शॅम्पूचा सामू ७ आहे, आणि बाटलीवरच्या सुवासाच्या वर्णनापेक्षा तेवढेच पाहून तो निवडावा.

घरचे साहित्य एकूण ४,६०० रुपयांचे झाले, आणि या सगळ्या खर्चात सर्वांत सार्थकी लागलेला तोच आहे. रंगाच्या वीस लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या घरीच होत्या. त्यांच्या तळाशी बसवायच्या प्लास्टिकच्या दोन जाळ्या ७०० रुपयांना मिळाल्या. हातमोजा पाण्यात चोळला की माती जाळीखाली जाते आणि वर येत नाही. एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधे पाणी, आणि प्रत्येक पत्र्यानंतर मोजा आधी साध्या पाण्यात धुवायचा, मगच शॅम्पूत बुडवायचा. दुसऱ्या बादलीचे पाणी शेवटी ओतताना तळाशी जो तांबडा गाळ दिसतो, तो एरवी मोज्याबरोबर पुन्हा रंगावर फिरला असता. हातपंपाची फेसाची बाटली ८५० रुपयांची. तिचा फेस जाहिरातीतल्यासारखा दाट होत नाही, पण माती भिजवायला पुरतो. हाताने धुण्याआधीची पाच मिनिटे हीच माझ्या मते धुण्यातली सर्वांत महत्त्वाची : भरपूर पाणी, मग फेस, मग पुन्हा पाणी, आणि तोवर रंगाला हात नाही. चाके सर्वांत आधी, वेगळ्या फडक्याने. त्यानंतर टपापासून खाली, सरळ रेषेत, गोल गोल नव्हे. दारांचा खालचा तिसरा हिस्सा शेवटी, कारण सगळी रेती तिथे असते. पुसण्याचा जाड टॉवेल घासायचा नाही. तो पत्र्यावर पसरायचा, थोपटायचा आणि उचलायचा. सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळताना, पत्रा हाताला थंड लागत असताना. उन्हात धुतलेली गाडी न धुतलेलीपेक्षा वाईट दिसते.

मायक्रोफायबरची फडकी निगेने धुवावी लागतात. आमच्याकडे एकदा ती घरच्या कपड्यांबरोबर सुवासिक मऊपणा आणणाऱ्या द्रव्यात धुतली गेली आणि त्यांनी पाणी शोषणेच सोडून दिले. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवशी पुन्हा गाडीला लावू नये, कितीही झटकले तरी. आपल्या अंगणातील जांभ्याची रेती त्याच्या केसांत अडकलेली असते. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते तेव्हा बिनपाण्याचे फवारे मोहात पाडतात. हलक्या धुळीला ते चालतात, चिखलाला मुळीच नाहीत. मे महिन्यात मी एका बादलीत धुऊन होणारे, नंतर पाण्याने काढावे न लागणारे शॅम्पू वापरते आणि प्रत्येक पत्र्याला वेगळे ओले फडके घेते. गाडीवर घालायचे कापडी आवरण मी घेऊन परत दिले. आत धूळ राहते, वाऱ्याने आवरण हलते, आणि पावसाळ्यात खाली ओल साठून बुरशीचा वास येतो.

मेणाविषयी थोडेच. कार्नौबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका माडाच्या जातीच्या पानांवरून मिळते. आपल्या काजूचे मूळही ब्राझीलच, त्यामुळे या मेणाविषयी मला उगीच आपुलकी वाटते. बाबांच्या जुन्या पांढऱ्या गाडीवर मी ते लावून पाहिले. चकाकी सुरेख, ऊबदार येते. पावसाळ्यात पाच आठवड्यांत त्याचा मागमूस राहिला नाही. दर महिन्याला तासभर हौसेने देणाऱ्यांसाठी ते उत्तम आणि स्वस्त आहे.

कोटिंगचे २२,००० आणि फिल्मचे १८,००० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून एकूण ४७,२०० झाले. कोटिंगला 'पाच वर्षांची हमी' आहे, पण हमीपत्र वाचले तर दरवर्षी त्यांच्याकडेच ३,००० रुपयांची देखभाल-धुलाई केली तरच ती चालू राहते, आणि पक्ष्यांची विष्ठा, पाण्याचे डाग, ओरखडे व खडे हे चारही तिच्यात बसत नाहीत. उरते ते काय, असे मी मालकांना विचारले, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की थेंब उभे राहणे बंद झाले तर ते पुन्हा लावून देतील. सोळाव्या महिन्यात बॉनेटवर तसे झालेही. कोटिंग संपले असे वाटले, पण लोहकण काढणारे द्रव्य आणि सौम्य आम्लधर्मी शॅम्पूने धुतल्यावर थेंब पूर्ववत उभे राहिले. वर साचलेल्या क्षारांनी आणि काजळीने ते झाकले गेले होते. पुन्हा कोटिंग करण्याआधी हा उपाय प्रत्येकाने करून पाहावा.

गेल्या आठवड्यात पुन्हा माप घेतले. बॉनेट ११५, दारे जवळजवळ होती तशीच, टपावर वटवाघळाच्या डागाच्या जागी १०४. कोटिंग मी पुन्हा करणार नाही. दर दोन महिन्यांनी धुतल्यावर सिलिकाचा फवारा मारणे मला पुरेसे वाटते. बॉनेटच्या फिल्मचा दर आता करासह १८,२९० रुपये आहे आणि पावसाळा सुरू होण्याआधीची, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मी त्याच कार्यशाळेत ठरवून आले आहे. खड्याचा टवका फिल्मखाली आडकून बसू नये म्हणून त्याआधी ती जागा पुन्हा रंगाने भरून, वाळू देऊन, समतल करून घ्यायची आहे.